ढग्याची पिसं

"हा मेला," रेणू म्हणाली.

मी दूध उतरवून मागे वळले, तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. स्वेटरची बटणं उघडी, बूट बर्फाने भिजलेले, आणि दोन्ही हातांवर तान्हं मूल धरावं तसा आडवा धरलेला तिचा कोंबडा. त्याची मान तिच्या कोपरावरून खाली लोंबत होती. पंखाखालचं रक्त तिच्या बाहीला लागलं होतं. ती रडत नव्हती.

"कशानं गं?"

"रानमांजर आलं होतं. मी दगड मारला तर टाकून पळालं. पण तोवर..." ती थांबली. "बाबा आज येतील का?"

"रस्ता बंद आहे. खूबराम म्हणत होता, बर्फ काढेपर्यंत गाडी वर येत नाही."

हे ऐकल्यावर मात्र तिने खाली बसून कोंबडा मांडीवर घेतला आणि त्याची विस्कटलेली पिसं बोटांनी सारखी करू लागली.

ही चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे यजमान हिंदुराव शितोळे तेव्हा कुलूकडच्या डोंगरात, नदीच्या काठी, सरकारच्या ट्राउट माशांच्या केंद्रावर अधिकारी होते. रेणू त्यांची पहिल्या बायकोपासूनची मुलगी, नऊ वर्षांची. तिची आई शैला काविळीने गेली होती. मी दिवाळीनंतर लग्न होऊन त्या घरात आले होते.

मी फलटणजवळच्या आसूची. आई लवकर गेली, पाठच्या भावंडांचं करता करता माझं लग्नाचं वय निघून गेलं, आणि तिशी ओलांडल्यावर हे बिजवराचं स्थळ आलं. वडील माळकरी. आमच्या घरात अंडं फुटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "द्वारके, तुझा नवरा मासे पाळतो म्हणं," अशी गावातल्या बायका माझी थट्टा करायच्या.

यांच्यात वावगं काही नव्हतं. कमी बोलणारा, सरळ माणूस. रेणूतही नव्हतं, आणि तेच अवघड होतं. ती उलट बोलायची नाही, रुसायची नाही. मला 'तुम्ही' म्हणायची आणि शक्यतो काहीच म्हणायची नाही. मी समोर वाढत असताना ती वडिलांना सांगायची, "बाबा, त्यांना सांगा, डब्यात लोणचं नको." मी ऐकायचे, लोणचं द्यायचे नाही. असे महिने गेले. संक्रांतीला मी यांना म्हटलं, "रस्ता नीट झाला की मला आसूला पोचवा. भावाकडे राहीन." ते "बरं" म्हणाले आणि उठून बुखारीत, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीत, लाकूड सारलं. परत कधी येणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आणि आता ते माशांची अंडी पोचवायला दुसऱ्या केंद्रावर गेलेले, खाली रस्ता बंद, आणि घरात मी, रेणू आणि हा कोंबडा.

ढग्या त्याचं नाव. पावसाळी ढगाचा रंग असतो तसा होता तो, करडा, आणि उन्हात आला की मानेवर निळसर चकाकी यायची. बाकीच्या कोंबड्यांना खूबराम दाणे टाकायचा, ढग्याला फक्त रेणू. हिवाळ्यात ती त्याच्या खुराड्यावर स्वतःची जुनी शाल घालायची.

खूबराम म्हणजे केंद्रावरचा चौकीदार. तो दारात आला, कोंबडा पाहिला, चुकचुकला आणि त्याच्या हिंदीत मला म्हणाला, "मांजराने फार खाल्लेला नाही, चुलीवर चढवता येईल. नाहीतर पुरून टाकतो."

"नाही," रेणू म्हणाली. "याची मान काढायला हवी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मानेचं कातडं. पिसांसकट. गळाला बांधायला. आज काढून मीठ लावलं नाही तर सगळी पिसं गळतात." ती माझ्याकडे न बघता सांगत होती. "बाबा असते तर त्यांनी काढलं असतं."

"खूबराम काढेल की."

"तो कोयता घेतो."

खूबरामला तेवढाही वेळ नव्हता. हौदांकडे येणारा पाट रात्री गोठला होता, तो फोडून पाणी चालू केलं नाही तर मासे मेले असते. तो पहार घेऊन निघून गेला.

"तुला येतं?" मी रेणूला विचारलं.

"पाहिलंय. आईनं एकदा दुसऱ्या कोंबड्याची काढली होती." तिने ढग्याच्या डोळ्यावर बोट ठेवून पापणी मिटवली. "पण याला माझ्यानं होणार नाही."

मी दुधावर झाकण ठेवलं. पदर खोचला. यांच्या दाढीच्या सामानातलं नवं पातं आणि माझी शिवणाची छोटी कात्री घेतली, एक लवंग दाढेखाली धरली आणि म्हटलं, "चल. मागच्या पडवीत. कसं करायचं ते तू सांग."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही?"

"मग कोण?"

पडवीत फळी टाकली. ढग्याला पालथा ठेवला. तो अजून गरम होता. मला वाटलं होतं गार असेल. मी तोंड फिरवलं.

"डोळे उघडे ठेवा," रेणू म्हणाली. "नाहीतर फाटेल. तुऱ्याच्या मागून सुरुवात करायची. आधी पिसं दोन्हीकडे करा, भांग पाडतात तशी."

मी भांग पाडला. खाली पातळ, गुलाबी कातडं दिसलं. पातं टेकवलं आणि ओढलं. रक्त येईल म्हणून अंग चोरून बसले होते, पण आलं नाही. डोक्याच्या मागून खांद्यांपर्यंत दोन्ही बाजूंनी चीर देत गेले. रेणू माझ्या खांद्याला लागून बसली होती आणि बारीक आवाजात सांगत होती, इथे, आता वळवा, आता थांबा. मग कातडं सोडवायची वेळ आली. ते हाताला निसटत होतं. मी जोर लावला.

"असं नाही गं. ओढू नको, सोल. तू ओढतेयस. बोट आत घाल आणि वर धर, हां, तसं."

मी बोट आत घातलं. तिला कळलं नव्हतं ती काय म्हणाली ते. मला कळलं होतं. मी मान खालीच ठेवली आणि सोलत राहिले.

शेवटी ते कातडं हातमोजा निघावा तसं अख्खं निघालं. आतल्या बाजूची चरबी कात्रीच्या पाठीने खरवडली. चहाच्या खोक्याची फळी घेऊन त्यावर ते पसरलं, कडांना टाचण्या लावल्या. मीठ आणलं, आणि सवयीने हळदीचा डबाही आणला.

"हळद नको," रेणू म्हणाली. "पिसं पिवळी होतील."

"अगं, किडू नये म्हणून."

"मिठानं नाही किडत." आणि मग हळूच, "लोणच्यासारखंच आहे."

मी हसले. तीही हसली असावी, पण तेवढ्यात माझ्या पोटाने दगा दिला. मी पडवीच्या टोकाला जाऊन बर्फात ओकले. लवंगेसकट सगळं पडलं. उठायला गेले तर बाजूला तांब्या धरलेला. पाणी कोमट होतं. ती आत जाऊन किटलीतलं पाणी घालून आली होती.

ढग्याचं बाकी शरीर आम्ही तिच्या जुन्या शालीत गुंडाळलं आणि हौदांमागच्या देवदाराखाली पुरलं. जमीन गोठलेली, खड्डा करायला खूबरामची पहार लागली. रेणू तिथे रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. तिच्या शेजारी उभी राहिले, ती घरी जाते म्हणेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी उठून पडवीत गेली होती. "मीठ ओलं झालंय," ती म्हणाली. "बदलायचं का?" मग रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही मीठ बदलायला लागलो. आणि ते करता करता तिने मला बाहेरच्या खोलीतलं टेबल दाखवलं.

त्या टेबलाला मी कधी हात लावला नव्हता. कडेला स्क्रूने बसवलेली एक छोटी पकड होती, खणांत रेशमाची रिळं, मेणाचा खडा, गळ, पिसं. यांनी मला एकदा सांगितलं होतं. ट्राउट मासा पाण्यावर येऊन बसलेले किडे खातो. म्हणून गळावर पिसं बांधून तसाच किडा करायचा, त्याला नुसतं 'माशी' म्हणतात. पाण्यात न बुडता वर उभी राहते ती चांगली माशी. "शैला बांधायची," ते म्हणाले होते. "लांबून लोक मागायला यायचे." शैलाने बांधलेल्या माश्यांची डबी रेणूच्या उशीखाली असायची. एखादी पाण्यात गेली तर एक कमी होणार, म्हणून ती वडिलांना त्यातली एकही देत नव्हती. त्यांनी गळाची काठी कापडात गुंडाळून कपाटावर ठेवून दिली होती.

"आधी तांबड्या पिसांवर हात बसवायचा," रेणू म्हणाली. "ढग्याची वाया नाही घालवायची."

गळ पकडीत धरायचा. रेशमाला मेण लावून ते गळावर गुंडाळत मागे जायचं. शेपटीला पिसाचे दोनचार केस. मग पोट, मग मानेचं एक लांब पीस देठाला बांधून गळाभोवती कडेने फिरवायचं, म्हणजे त्याचे केस चहूकडे ताठ उभे राहतात आणि माशी त्यांच्या टोकांवर पाण्यावर उभी राहते. ऐकायला सोपं. माझं रेशीम सारखं तुटायचं. तिचं पीस निसटायचं. माझी पहिली माशी पाहून ती म्हणाली, "ही केरसुणी झाली." मी परातीत पाणी घेऊन ती त्यावर सोडली, ती सरळ तळाला गेली. आम्ही दोघी परातीवर वाकून बघत राहिलो.

माशीचं पोट करायला शैला मोरपिसाचा धागा वापरायची. नखाने त्यावरची लव काढली की खाली उजळ-काळे पट्टे दिसतात, अगदी किड्याच्या पोटासारखे. खणातल्या मोरपिसांना कसर लागली होती. माझ्याकडे देव झाडायचा मोरपिसांचा कुंचा होता, वडिलांनी बांधून दिलेला. आसूच्या मळ्यात मोर फार. त्यातलं एक पीस मी काढून तिला दिलं. ती म्हणाली, "देवाचं आहे ना?"

"देवाला उरलेली पुरतील."

पुढच्या आठवड्यात रस्ता उघडला आणि हे आले. आल्या आल्या पडवीत हातपाय धुवायला गेले ते तिथेच थांबले. फळीवर टाचलेलं ते कातडं, त्यावरची करडी पिसं, वरून मीठ.

"हे कुणी काढलं?"

"हिनं," रेणू म्हणाली. "मी सांगितलं, हिनं काढलं."

हे माझ्याकडे बघत राहिले. "तू? तू अंड्याला हात लावत नाहीस."

"अजूनही लावणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी फळी उचलून उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला. कुठे फाटलंय का ते बघत असावेत. मग ती फार सांभाळून जागेवर ठेवली. रेणू आत गेल्यावर ते मला म्हणाले, "रस्ता उघडलाय. तू म्हणाली होतीस. उद्या जीप खाली जाणार आहे, स्टेशनपर्यंतची सोय..." चूळ भरायला घेतलेलं पाणी हातात तसंच होतं.

"उद्या कुठं?" मी म्हटलं. "कातडं अजून ओलं आहे. मीठ बदलायला लागतं."

ते "बरं" म्हणाले. पण हे 'बरं' वेगळं होतं. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागून घेतला आणि स्वयंपाकघरातच बसून प्यायले.

कातडं वाळलं तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता. एका रविवारी दुपारी, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं असताना, रेणूने त्यातलं एक पीस निवडलं. लांब, अरुंद, ताठ. उन्हात धरलं तर कडेला निळं चमकलं. गळ पकडीत लावलेला होता, मोरपिसाचं पोटही बांधून झालं होतं. पण ती पीस हातात धरून नुसती बसली.

"काय गं?"

"काही नाही."

मी माझं विणकाम चालू ठेवलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई याला मांडीवर घेऊन एकेक पीस बघायची. म्हणायची, अजून कोवळी आहेत, पाण्यावर लोळतील. दोन हिवाळे जाऊ देत, मग कडक होतील. मग पहिली माशी तू बांधायचीस, मी हात लावणार नाही." तिने पीस ओठांवरून फिरवलं. "नंतर दवाखान्यात पण म्हणाली. ढग्याला जप म्हणाली."

म्हणजे हे पोर दोन हिवाळे त्या कोंबड्याला शाल पांघरत होतं ते यासाठी. आणि मी समजत होते, लाडाचा कोंबडा आहे.

"मग बांध की," मी म्हटलं.

"मला शेवटची गाठ येत नाही. ती नंतर शिकवणार होती. बाबांची गाठ सुटते."

"तिची कशी होती?"

रेणू उठली. आत गेली आणि डबी घेऊन आली. पहिल्यांदा तिने ती माझ्यासमोर उघडली. कापसावर ओळीने माश्या, तांबड्या, पांढऱ्या, चिमुकल्या, सगळ्यांची पिसं ताठ. मी एक उचलून डोळ्यांजवळ धरली. डोक्याशी रेशमाचे घट्ट वेढे होते, पण गाठ कुठेच दिसत नव्हती. दोरा जसा काही स्वतःच्याच पोटात शिरला होता.

"हे मला येतं," मी म्हटलं.

"तुला कसं येईल?"

"आमचे वडील आसूड करायचे बैलांचे. वादीचं टोक उसवू नये म्हणून त्याला असंच गुंडाळतात. दोऱ्याचा फासा आधी ठेवायचा, त्याच्यावरून वेढे घ्यायचे आणि मग टोक वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. लहानपणी मी करून द्यायचे."

मी तिला माझ्या लोकरीवर, विणायच्या सुईभोवती मोठी करून दाखवली. तिने करून पाहिली. सुटली. पुन्हा केली. चौथ्या की पाचव्या खेपेला टोक आत गेलं आणि तिने ओढून पाहिलं, तर ते हललं नाही. मग ती पकडीपाशी वळली. पीस देठाने बांधलं, फिरवायला घेतलं. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. एकदा पीस निसटलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, पण मी हात पुढे केला नाही. शैलाही करणार नव्हती.

झाली तेव्हा तिने ती तळहातावर घेतली. थोडी वाकडी होती, एका बाजूचे केस जास्त. परातीतल्या पाण्यावर ती टेकली आणि उभी राहिली. आम्ही तिच्यावर फुंकर घातली तर ती परातभर फिरून आली.

हे दारात उभे होते. केव्हा आले होते कोण जाणे. त्यांनी कपाटावरून ती कापडात गुंडाळलेली काठी खाली काढली आणि तिच्या सांध्यांना तेल लावत बसले.

मार्चमध्ये मासेमारी खुली झाली. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही तिघं नदीवर गेलो. बर्फ वितळून पाणी वाढलेलं, हिरवट, दगडांवरून फेसाळत येणारं. एका मोठ्या शिळेमागे पाणी शांत होतं आणि त्यावर बारीक किडे उतरत होते. हे रेणूच्या मागे उभे राहिले, तिचं कोपर हलकेच धरून. "मनगट नको, हात. हां. आता सोड."

दोरी हवेतून गेली. ढग्याची माशी पाण्यावर अशी उतरली की आवाजसुद्धा झाला नाही. प्रवाहाबरोबर ती खाली यायला लागली, ताठ, एखाद्या छोट्या माणसासारखी. मी काठावरून बघत होते. शिळेपाशी आली आणि पाणी एकदम फुगलं. एक चकचकीत ठिपक्यांची पाठ दिसली, बस, एवढीच, आणि माशी गेली.

"ओढ," हे म्हणाले.

काठी वाकली. काठीवरच्या चाकातून दोरी सरसरत निघाली. मासा नदीच्या मध्याकडे गेला, मग खाली, मग त्या शिळेला वळसा घालून पलीकडे. रेणू दगडांवरून घसरत त्याच्या मागे चालली होती, हे तिच्या स्वेटरला धरून. आणि मग काठी एकाएकी सरळ झाली.

यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते रेणूकडे बघत होते, मी रेणूकडे बघत होते. ती हळूहळू दोरी गुंडाळत होती. टोक हातात आलं तेव्हा तिने ते निरखून पाहिलं. दगडाला घासून तुटलं होतं. माशी नव्हती.

"रेणू," हे म्हणाले, "मी काठाकाठाने बघतो. कुठे अडकली असेल तर..."

"नाही बाबा. ती त्याच्या तोंडात आहे." तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. मग ती माझ्याकडे वळली आणि ओल्या हातानेच माझा हात धरला. "केवढा होता, पाहिलास? चल घरी. उजेड आहे तोवर आपण दुसरी बांधू."